गठाणीमागचे हात

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही जिनिंगच्या आवारात हंगामात रुईच्या गठाणी रचलेल्या दिसतात. प्रत्येक गठाण साधारण १७० किलोची, कापडात गुंडाळलेली, पट्ट्यांनी आवळलेली, अंगावर क्रमांक घातलेला. त्या क्रमांकावरून गठाण कुठे बांधली हे कळते. तंतूची लांबी, ओलावा, कचऱ्याचे प्रमाण यांची नोंद तपासणीच्या कागदावर मिळते. मात्र ही गठाण उभी राहीपर्यंत किती माणसांना किती दिवसांची मजुरी मिळाली, हे कुठल्याच कागदावर नसते. या संग्रहातल्या सगळ्या लेखांच्या तळाशी हाच एक प्रश्न आहे. वर्ध्याच्या कापसाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले: भावाविषयी, व्यापाऱ्यांविषयी, गिरणीमालकांविषयी, अलीकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी. रोजगार त्यात आला तो शेवटच्या परिच्छेदात, इतक्या हातांना काम मिळाले किंवा इतके हात रिकामे झाले, एवढ्यापुरता. माझे म्हणणे असे की या उद्योगाकडे रोजगाराच्या बाजूने आधी पाहायला हवे. तसे पाहिले की नेहमीच्या समजुतीत न बसणारी एक गोष्ट ध्यानात येते. या जिल्ह्यातले काम केवळ गिरण्या बुडाल्यामुळे घटलेले नाही. उद्योग भरात असतानाही ते घटत होते, आणि ज्यांचे काम सर्वांत आधी गेले त्यांची नावे बहुधा कुठल्याच हजेरीपटावर नव्हती.

थोडा हिशेब मांडू. कापसात रुईचे वजन तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे वर असते, बाकीची सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका गठाणीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. वेचणीला गेलेल्या बाईने दिवसाला सरासरी चाळीस किलो वेचला असे धरले, तर एका गठाणीमागे बारा-तेरा दिवसांची वेचणी झाली. जुन्या काळी हाताच्या रेच्यावर दिवसभर बसून दोन-तीन किलो रुई निघे. त्या मापाने एका गठाणीमागे नुसती सरकी वेगळी करण्याचे साठ-सत्तर दिवसांचे काम होते. आजचा दुहेरी रुळाचा मोठा रेचा तेवढी रुई दोनेक तासांत काढतो, आणि अशा रेच्यांच्या अख्ख्या ओळीवर लक्ष ठेवायला मोजकी माणसे पुरतात. दीडशे वर्षांत गठाणीमागचे कारखान्यातले काम असे आटले आणि उरलेले शेतात, वेचणीपाशी येऊन थांबले. तिथे मजुरी दिवसावर क्वचितच मिळते. ती किलोवर मिळते आणि पऱ्हाटीचा बहर ओसरला, बोंडे विरळ झाली की दिवसाची कमाईही उतरते. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. तरी एखाद्या गिरणीत किती चाती फिरतात या आकड्यापेक्षा तो जिल्ह्याविषयी अधिक सांगतो.

या कहाणीची सुरुवात गिरणीपासून होत नाही. हिंगणघाट हे नाव एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात मालाच्या प्रतीचे नाव म्हणून चालत असे. इथल्या ‘बनी’ जातीचा धागा देशी कापसात लांब आणि मऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरचा कच्चा माल अडला आणि इंग्रजांची नजर वर्धेच्या खोऱ्यावर स्थिरावली. १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. त्या पदावरच्या रिव्हेट-कार्नॅक यांच्या अहवालांत एक अपेक्षा उघडपणे मांडलेली आहे: रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले की इथले कातणारे आणि विणणारे आपला धंदा सोडून शेतमजुरीकडे वळतील, आणि कापसाचा पेरा वाढेल. वर्ध्याच्या रोजगाराचा इतिहास लिहिणाऱ्याने हे वाक्य समोर ठेवूनच लिहायला बसावे, असे मला वाटते. घराघरांतले कातणे संपले त्यामागे यंत्राचा वेग होता, तसा धोरणाचा हेतूही होता. पुढे बनीही गेली. आखूड धाग्याचा, पण जास्त रुई देणारा कापूस शेतकऱ्याला अधिक परवडू लागला, आणि ज्या गुणामुळे हिंगणघाटचे नाव झाले तो गुणच शेतातून उठला.

कातणे-विणणे बुडाल्यामुळे किती लोक बेकार झाले, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद आहे, आणि नवख्या वाचकाने तो समजून घ्यायला हवा. अमियकुमार बागची यांनी बिहारमधल्या गंगाकाठच्या जिल्ह्यांच्या आकडेवारीवरून एकोणिसाव्या शतकात उद्योगांवर जगणाऱ्यांचे प्रमाण घसरल्याचे दाखवले. डॅनिअल थॉर्नर यांनी त्याआधीच १८८१ ते १९३१ च्या शिरगणत्या तपासून सांगितले होते की या काळापुरते तरी अशा घसरणीचे भक्कम पुरावे मिळत नाहीत. थॉर्नर यांची पद्धत काटेकोर होती. मात्र बायकांच्या कामाच्या नोंदी विश्वसनीय नाहीत म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. नोंदी विश्वसनीय नव्हत्या हे खरे. पण कातणे हे मुख्यतः बायकांचेच काम होते. त्यांच्या नोंदी वगळून कातणाऱ्यांचा रोजगार मोजणे म्हणजे विहीर सोडून गावाचे पाणी मोजण्यासारखे आहे. बाईचे काम आधी नीट नोंदवायचे नाही आणि मग नोंद नाही म्हणून मोजायचे नाही, हा क्रम आजच्या आकडेवारीतही पुरता मोडलेला नाही.

या विषयावरच्या लेखनात ढोबळमानाने चार धारा दिसतात. पहिली सरकारी गॅझेटियर आणि अहवालांची. तिच्यात माहिती भरपूर, पण मजूर तिथे ‘पुरवठा’ म्हणून येतो: हंगामात मजूर मिळतात की नाही, महाग पडतात की स्वस्त. दुसरी धारा देशी अर्थशास्त्रज्ञांची. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालचा. कारागिरी कशी ढासळली आणि कारखानदारी किती तोकडी उभी राहिली, हे त्यांनी समतोलपणे मांडले. त्याआधी १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात सांगितले होते की शेतीचे दुखणे जमिनीच्या तुकड्यांत कमी आणि शेतीवर नाइलाजाने पडून राहिलेल्या रिकाम्या हातांत जास्त आहे, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरणाचा. वर्ध्याच्या कोरडवाहू गावांना हे निदान आजही तंतोतंत लागू पडते. चौथी धारा कामगार इतिहासाची, मॉरिस डी. मॉरिस, राजनारायण चंदावरकर यांच्यापासून यान ब्रेमान यांच्यापर्यंतची. पहिल्या दोघांनी मुंबईच्या गिरणी कामगाराचा शोध घेतला, तर ब्रेमान यांनी गुजरातेत गावोगाव फिरणाऱ्या बिनहक्काच्या मजुराचा. विदर्भ या अभ्यासांत जेमतेम डोकावतो.

तिसरी धारा मुद्दाम वेगळी ठेवली, कारण ती वर्ध्यातच जन्मली. १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे कार्यालय आले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. गांधीविचाराचा हा भाग आता पूजेचा विषय झाला आहे, त्यामुळे त्यातला अर्थशास्त्राचा कस विसरला जातो. कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली ६०६ गावे पाहून १९३९ साली औद्योगिक पाहणीचा अहवाल दिला. कोणत्या गावात कोणता धंदा आहे, त्यातून काय मिळते, तो कशामुळे मोडला, हे गावात जाऊन विचारण्याची ती पद्धत होती. मजुरीचा प्रश्नही इथेच धसाला लागला. कातणारीला बाजारभावाने जे मिळते त्यात तिचे पोट भरत नाही, तेव्हा खादी स्वस्त विकायची की तिला पोटापुरती मजुरी द्यायची? १९३५ साली चरखा संघाने पोटापुरत्या मजुरीचे तत्त्व मान्य केले. त्याच सुमारास विनोबांनी नालवाडीत स्वतः तासन्‌तास कातून त्या मजुरीत जगता येते का याचा प्रयोग केला. मजुरी वाढली की खादी महागणार आणि खप घटणार, ही भीती तेव्हाही होती आणि ती निराधार नव्हती. पण उत्पादनाचा हिशेब मजुरीपासून सुरू करण्याचे धाडस या देशात त्या आधी किती जणांनी केले होते?

गांधीजनांना यंत्रच नको होते, हा आक्षेप नेहमी येतो. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, आणि किर्लोस्करांनी त्यासाठी यंत्र बनवून पाठवले होते. ते अटींना पुरे पडले नाही. अटी अशा होत्या की यंत्र खेड्यातल्या घरात, एका बाईला, थकवा न येता चालवता यावे आणि त्याची किंमत आवाक्यात असावी. म्हणजे वाद यंत्र हवे की नको असा नव्हता, ते कोणाच्या घरात आणि कोणाच्या मालकीचे असावे असा होता. खादीचा मार्ग आज पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. अनुदानावर उभ्या राहिलेल्या कातणीतून मिळणारी मजुरी शेतमजुरीशीही टक्कर देत नाही, हे तिच्या समर्थकांनी प्रांजळपणे कबूल करायला हवे. पण मगनवाडीने विचारलेला प्रश्न त्याने खोटा ठरत नाही.

मधल्या काळात गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढच्या काही दशकांत हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद आणि मोहोता या घराण्यांच्या, तर पुलगावला कॉटन मिल असा कापूसपट्ट्यातला गिरण्यांचा गोफ तयार झाला. गिरणीने दिलेला रोजगार संख्येने कापूस वेचणाऱ्यांच्या तुलनेत थोडा होता. पण त्याचा दर्जा या भागाने आधी पाहिलेला नव्हता. भोंग्यावर सुरू होणारी आणि भोंग्यावर संपणारी पाळी, महिन्याच्या महिन्याला पगार, स्वातंत्र्यानंतर आठ तासांचा दिवस, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा. पगाराच्या पावतीवर किराणा दुकानदार उधार देई आणि त्या भरवशावर मुलगा मॅट्रिकपर्यंत शिके. नागपूर-विदर्भातल्या दलित वस्त्यांना गिरणीच्या पगाराने जे बळ दिले, त्याखेरीज इथल्या आंबेडकरी चळवळीचा इतिहास पुरा होत नाही. गिरणीच्या आतही जात होतीच. मुंबईत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा ओढून घेताना तो तोंडाने चोखावा लागे. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाअखेरीच्या संपांच्या वेळी उभा केला. एका धोट्याच्या भोकाने कोणाला जास्त पगाराचे काम मिळणार आणि कोणाला नाही, हे ठरत होते.

गिरणीतून बायका बाहेर पडल्या त्या गिरण्या बंद पडण्याच्या कितीतरी आधी. मुंबईच्या गिरण्यांत १९२०-३० च्या सुमारास कामगारांत वीस टक्क्यांहून अधिक बायका होत्या. सत्तरच्या दशकापर्यंत हे प्रमाण मोजक्या टक्क्यांवर आले. रात्रपाळीवरची बंदी, प्रसूतीरजेचा मालकांना वाटणारा भार, बायका ज्या खात्यांत असत त्या खात्यांचे यांत्रिकीकरण, ही कारणे अभ्यासकांनी दाखवली आहेत. कायदे बाईच्या रक्षणासाठी आले, पण कामावरून तिला काढायला सबबही त्यांचीच झाली. म्हणून ‘गिरणी कामगार’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष येतो. तो मुळात तसा नव्हता.

गिरण्यांच्या ऱ्हासाचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत, ते लांबवत नाही. १९७४ साली देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि पुढे बंद झाली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर मोठ्या गिरण्यांच्या विणकामाची जागा यंत्रमागाने अधिकच व्यापली. पुलगावची गिरणीही थांबली. या सगळ्याला जबाबदार कोण, यावर एक ठरलेले उत्तर मिळते: युनियन आणि कामगार कायदे. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली आलेल्या प्रकरणाने मोठ्या कारखान्यांना कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी सक्तीची केली. ३०० कामगारांची मर्यादा पुढे १०० वर आली, आणि २०२० च्या संहितेने ती पुन्हा ३०० केली. या तरतुदीमुळे मालक नवे कायम कामगार घ्यायला कचरले, यात तथ्य आहे. पण त्याच कायद्याने हंगामी कारखान्यांना या प्रकरणातून वगळले होते. म्हणजे जिनिंगला ते प्रकरण कधीच लागू नव्हते, युनियनही तिथे नावालाच. मालकाला हवे तेव्हा कामगार घ्यायची आणि काढायची पूर्ण मोकळीक होती. तरीही गठाणीमागचे काम सर्वांत वेगाने घटले ते जिनिंगमध्येच. ज्या कारणाने रोग झाला म्हणतात ते कारण जिथे नाही, तिथेही तोच रोग दिसत असेल, तर निदान पुन्हा तपासावे लागते.

म्हणून जिनिंगकडे थोडे जवळून पाहायला हवे. इंग्रजी अमलातही हे कारखाने कायद्याच्या काठावरच राहिले. चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना १९११ सालापर्यंत कारखाने कायदा लागूच नव्हता. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात दिवसाला दहा तास आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली, हंगामी कारखान्यात मात्र अकरा आणि साठ. हा भेद १९४८ च्या कायद्याने संपवला. आतले काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच होते. गंजीवरून टोपल्यात कापूस भरायचा, डोक्यावरून रेच्यापर्यंत न्यायचा, रेच्यावर हाताने लावायचा, खाली पडलेली रुई गोळा करून दाबाखाली न्यायची. यातली बहुतेक कामे बायांची. रुईचे तंतू हवेत तरंगत, नाका-तोंडावर पदर बांधलेला, आणि आवाज असा की शेजारणीला खुणेनेच सांगावे लागे. रेच्याच्या रुळावर चामड्याच्या चकत्या असत. क्रोम वापरून कमावलेले ते चामडे रुई ओढताना घासले जाई आणि त्याची भुकटी रुईतही मिसळे, कामगाराच्या श्वासातही जाई. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यावर रबर लावलेल्या सुती कापडाचा, क्रोम नसलेला रूळ तयार केला. यंत्रातल्या एका भागाचा हा बदल मला मोलाचा वाटतो, कारण त्याने कोणाचे काम न घेता कामगाराचा श्वास वाचवला. सुधारणा अशीही असू शकते.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि तिच्या एका भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. कापूस डोक्यावरून नेण्याऐवजी नळीतून हवेने ओढला जाऊ लागला, रेच्यावर आपोआप पडू लागला, रुई पट्ट्यावरून थेट दाबयंत्रात जाऊ लागली. यावर आक्षेप घेणाऱ्याला लगेच उत्तर मिळते की यामुळे रुईतले केस, सुतळ्या, माती कमी झाली, भारतीय रुईची बाजारातली पत सुधारली आणि शेतकऱ्याचेही त्यात हित आहे. हे उत्तर बरोबर आहे. डोक्यावरून टोपल्या वाहण्याच्या कामाचा गौरव करण्याचे कारण नाही, ते कष्टाचे आणि कमी मजुरीचे काम होते. माझा मुद्दा एवढाच की अनुदान सार्वजनिक पैशाचे होते. तेव्हा रेच्यांसोबत कामाच्या दिवसांचीही नोंद ठेवणे सरकारचे कर्तव्य होते. टोपली उतरवलेल्या बाईला त्या हंगामात दुसरे काय काम मिळाले, हे त्या मोहिमेच्या कुठल्याच रकान्यात नव्हते. रेचे चालवायला, गठाणी हलवायला जी माणसे लागतात ती पुष्कळ ठिकाणी ठेकेदारामार्फत परराज्यांतून येतात आणि आवारातच राहतात. गावच्या बाईचा आणि गावच्या जिनिंगचा संबंध असा तुटला.

आकडे कसे लपतात हेही सांगायला हवे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग वस्त्रोद्योगात येत नाही, शेतीला पूरक कामांत येते. वार्षिक उद्योग पाहणी ते मोजते, पण वेगळ्या गटात. म्हणून ‘वस्त्रोद्योगातला रोजगार’ हा आकडा उचलणाऱ्याच्या हातातून हिंगणघाट-आर्वीची जिनिंग सुटून जातात. ती पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांपुरती आहे. याच पाहणीनुसार देशातल्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांचे प्रमाण शतकाच्या सुरुवातीला पाचव्या हिश्श्याच्या आसपास होते, ते आता चाळीस टक्क्यांवर गेले आहे. एकच माणूस चार महिने जिनिंगमध्ये, दोन महिने वीटभट्टीवर आणि उरलेला काळ शेतात असेल, तर तो कुठला कामगार? आपली वर्गवारी त्याला एका खणात बसवते, त्याचे वर्ष मात्र तीन खणांत वाटलेले असते. माणसे मोजण्याऐवजी कामाचे दिवस मोजा, हा आग्रह यातूनच येतो.

हा आकार कापसापुरता आहे असेही नाही. देशातला रबर उद्योग पाहा. टायरचे कारखाने भांडवलाने अवजड आणि माणसांनी हलके होत गेले. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या बुटीबोरीतही टायरचा आधुनिक कारखाना उभा आहे. पण झाडाला चीर देऊन चीक गोळा करणे आजही हाताचेच काम आहे. हात शेताच्या टोकाला, यंत्र कारखान्याच्या टोकाला, ही मांडणी दोन्हीकडे सारखी. फरक असा की रबरासाठी १९४७ च्या कायद्याने मंडळ नेमले गेले, त्या मंडळाच्या कामात चीक काढणाऱ्याचे प्रशिक्षण आणि कल्याण येते, आणि मोठ्या मळ्यांवरच्या मजुरांना १९५१ च्या मळे कामगार कायद्याचा आधार मिळाला. कापसासाठी १९७० साली कापूस महामंडळ आले. ते कापूस खरेदी करते, पण वेचणाऱ्या बाईशी त्याचा व्यवहार येत नाही. तिला कुठलेही मंडळ नाही.

आजच हे पुस्तक का, याचेही उत्तर तिच्यापाशीच आहे. सघन लागवडीचा जोरदार प्रसार चालू आहे. ठेंगणी, जवळजवळ लावलेली, एकाच वेळी फुटणारी पऱ्हाटी यंत्राने वेचायला सोपी जाते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांची मोहीम जाहीर झाली आहे. वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि मजुरीने शेतकरी मेटाकुटीला येतो, ही तक्रार खरी आहे, आणि वेचणीचे यंत्र आले तर त्याला दोष देता येणार नाही. पण गठाणीमागे उरलेले मुख्य काम हेच बारा-तेरा दिवसांचे. तेही गेले तर काय, याचा विचार यंत्र बांधावर येण्याआधी व्हायला हवा, २००० साली झाला नाही तसा आता राहू नये. दुसरीकडे २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्यातच झालेल्या कार्यक्रमात अमरावतीच्या सुमारे हजार एकरांवरच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. अशा प्रत्येक पार्कमागे एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार अपेक्षित असल्याचे सरकार सांगते. तो पार्क उभा राहावा, भरभराटीला यावा, अशीच इच्छा आहे. मात्र त्या लाखांत कायम किती, हंगामी किती, बायका किती, वर्धा-देवळी-आर्वीच्या गावांतून जाणारे किती, हे दरवर्षी प्रसिद्ध करण्याची अट पायाभरणीच्या दगडाइतकीच पक्की असली पाहिजे.

या संग्रहाने सगळ्याची उत्तरे दिली आहेत असा दावा नाही. लेखकांत एकमतही नाही. काहींना मोठी कारखानदारीच तारक वाटते, काहींना विकेंद्रित उद्योग, आणि ही मतभिन्नता संपादनात मुद्दाम घासून काढलेली नाही. सर्वांना एक शिस्त मात्र घालून घ्यायला सांगितली होती: उद्योगाविषयीच्या प्रत्येक विधानाखाली, त्यातून कोणाला किती दिवस काम मिळाले, हे लिहायचे. जिथे ते कळले नाही तिथे तशी जागा मोकळी सोडलेली दिसेल. पानोपानी दिसणाऱ्या त्या मोकळ्या जागा हाही या पुस्तकाच्या पुराव्याचाच भाग आहे.

त्या भरायला वाचकांची मदत हवी. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सिंदी, सेलू इथल्या पुष्कळ घरांत आजही गिरणीची हजेरीकार्डे, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, युनियनची पावतीपुस्तके ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. जिनिंगमध्ये राबलेल्या बायांपाशी कागद नाहीत, त्यांच्या आठवणी आहेत: किती वाजता लागायचे, दिवसाला किती टोपल्या, आठवड्याला किती पैसे, काम कोणत्या वर्षी थांबले. कागद रद्दीत घालू नका. आणि घरात अशी म्हातारी आई, मामी, शेजारीण असेल तर तिच्याजवळ बसून हे चार प्रश्न विचारा, उत्तरे तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.